गेट काय पळून चाललंय का?



या सदरात गाड्यांविषयी लिहितो म्हणून वाचक बांधव भेटले की एकच प्रश्न विचारतात, "दादा, भरवशाची गाडी कोणती?" कुणी पतपेढीचे कर्ज काढून जुनी जीप घेणार असतो, तर कुणाला 6 डिसेंबरसाठी वस्तीतर्फे गाडी ठरवायची असते. म्हणून आज या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

माझे मत विचाराल तर आपल्या रस्त्यांना साधी डिझेल गाडी बरी. 1994 साली आलेली सुमो, 2000 साली आलेली बोलेरो या गाड्यांनी मराठवाड्यातल्या खड्ड्यांत दिवस काढले. त्या बिघडल्या तरी नाक्यावरचा मिस्त्री त्या खोलून बसवतो. नव्या गाड्या कमी बिघडतात, त्यांत एअरबॅग आणि एबीएस ब्रेक असतात, हा मोठा फायदा आहे. पण बिघडल्या की मशीन लावल्याशिवाय दोष सापडत नाही. हे सगळे खरे असले तरी गाडीचा खरा भरवसा कंपनीच्या नावात नसतो, हे मला मांजरसुंब्याच्या घाटाने शिकवले.

मांजरसुंबा म्हणजे चार वाटांचा नाका. केज-नेकनूरकडून, पाटोद्याकडून, सोलापूरकडून आलेल्या गाड्या इथे धुळे-सोलापूर महामार्गावर एकत्र येतात आणि बीडकडे जाताना बालाघाटाचा उतार लागतो. आज रस्ता रुंद झाला आहे. तेव्हा तो अरुंद होता. नामविस्तार होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटला वंदन करायला आम्ही केजकडून निघालो होतो. जीप मी चालवत होतो. आत बायका, लेकरे, म्हातारी माणसे अशी दाटीवाटीने भरलेली. नाक्यावर चहा घेतला आणि निघालो, तोच निळा झेंडा लावलेली दुसरी जीप आम्हाला मागे टाकून गेली. त्यातल्या पोरांनी हात हलवले. आमच्या पोरांनी गलका केला, "दादा, काढा पुढं!"

माझे रक्त तापले. उतारावर वेग यावा म्हणून मी गाडी न्यूट्रल केली. प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक एकदम मऊ लागला आणि पाय तळाला गेला. कसाबसा गिअर टाकला, इंजिनाने गाडी ओढून धरली आणि डोंगराच्या बाजूला मातीत नेऊन थांबवली. चाकांतून लायनर जळाल्याचा वास येत होता. कुणी बोलेना. मागे बसलेली आमची आत्या तेवढी म्हणाली, "आरं लेकरा, गेट काय पळून चाललंय का?"

ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला 27 जुलै 1978 रोजी, आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत आपल्या माणसांनी घरे जळताना पाहिली, लाठ्या खाल्ल्या, जीव दिले. ज्या गेटसाठी समाजाने एवढी वाट पाहिली, तिथे अर्धा तास आधी पोहोचण्यासाठी मी चौदा जीव पणाला लावले होते.

याच महामार्गाने बीड ओलांडून पुढे गेलात की कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगाव लागते. तिथे 1929 साली बाबासाहेबांना अपघात झाला होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी तो लिहून ठेवला आहे. मुंबई सरकारच्या समितीच्या कामावरून ते परतत होते. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी यावे हे आपल्या माणसांना बरे वाटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडाला आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

बाबासाहेबांनी जातीचा अहंकार उघडा पाडला, तो आपण नेहमी सांगतो. पण त्याच ठिकाणी त्यांनी आपल्या माणसांनाही प्रेमाने एक गोष्ट सांगितली आहे. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याची सुरक्षितता मोठी असते, हे लोक विसरले. बंधू-भगिनींनो, मिरवणुकीची गाडी पुढे काढताना आपण आजही तेच विसरतो!

शर्यत मलाही आवडते. पण तिची जागा वेगळी आहे. उत्तर प्रदेशातल्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात तथागतांच्या नावाचे 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट' आहे. तिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. 2013 मध्ये त्याच्याच संघाच्या मार्क वेबरचा अल्टरनेटर बिघडला, तेव्हा त्याने शर्यत सोडून गाडी बाजूला घेतली. जगातला निष्णात ड्रायव्हर बिघाड कळताच थांबतो, मग घाटात आपल्याला थांबायची लाज का वाटावी? तिथे समोरून एसटी येत नाही आणि डॉक्टर तयार असतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. सतत दाबल्याने ब्रेक तापतो आणि लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात ओलावा मुरतो, तापल्यावर त्याची वाफ होते आणि मग पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नये. बंद इंजिनात ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचून टायर किती जुना ते ओळखावे.

आणि भाड्याची गाडी ठरवताना दर विचारण्याआधी ड्रायव्हरला विचारा, "भाऊ, काल रात्री झोपलात का?" त्याच्या जेवणाची, झोपेची सोय वस्तीने करावी. टेम्पोत माणसे भरू नयेत. मालवाहू गाडीला अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळवताना घरच्यांचे हाल होतात.

पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे कारण म्हटले आहे आणि धम्मपदात अप्पमादावर एक सबंध वग्ग आहे. अप्पमाद म्हणजे सावधपणा. स्टिअरिंग धरणाऱ्याला याहून मोठा उपदेश नाही.

येत्या 14 जानेवारीला मांजरसुंब्याला चहा प्यायला थांबाल, तेव्हा उतार लागण्याआधी दुसरा गिअर टाका. पुढे जाणाऱ्याला जाऊ द्या. गेट कुठे पळून चाललेले नाही.

जयभीम!