गुठळी निघाली, मग 'मेंदूच्या ताकदीचं' बिल कशासाठी?

गेल्या महिन्यात एक तरुण वडिलांची फाइल घेऊन माझ्या दवाखान्यात आला. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात-पाय लुळा, बोलणं बंद. घरच्यांनी वळसंगहून वेळ न घालवता सोलापूर गाठलं, तिथून मोठ्या शहरात नेलं आणि तिथं तारेनं मेंदूतली गुठळी काढली. जीव वाचला. हात मात्र अजून नीट उठत नाही.

फाइलमध्ये सगळ्यात जाड गठ्ठा मेडिकलच्या बिलांचा होता. सिटिकोलिन, पिरॅसिटॅम आणि आणखी दोन-तीन नावं. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही मेंदूला ताकद यायची औषधं आहेत. अजून तीन महिने चालू ठेवा म्हणालेत. दोन म्हशी विकल्या, आता काय विकू?" पुढं म्हणाला, "तिथं कुठल्यातरी नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ का म्हणून विचारत होते. आम्ही सरळ नाही म्हटलं. आमच्या अण्णांवर प्रयोग नको."

वाचकहो, आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. अण्णांवर प्रयोग झालाच होता. फरक एवढाच की तो कुणी लिहून ठेवला नाही, त्यासाठी कुणी संमती घेतली नाही आणि त्याचा खर्च घरच्यांनी केला.

धमनी उघडली, तरी माणूस पूर्ण बरा का होत नाही?

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. एकात मेंदूत रक्तस्राव होतो, दुसऱ्यात गुठळीनं धमनी बंद होते. आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय. मोठी धमनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढणं, याला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. २०१५ साली पाच मोठ्या चाचण्यांनी ती उपयोगी असल्याचं सिद्ध केलं. पाचही एकत्र मोजल्या तेव्हा ९० दिवसांनी स्वतःची कामं स्वतः करणारे रुग्ण १०० मागे २६ वरून ४६ वर गेले होते. वैद्यकशास्त्रात एवढं मोठं यश क्वचित मिळतं.

पण उरलेल्या ५४ जणांचं काय? नळ दुरुस्त झाला म्हणून वाळलेलं पीक उभं राहत नाही. काही पेशी आधीच मेलेल्या असतात. मोठी गुठळी निघाली तरी तिचे बारीक तुकडे पुढच्या केसासारख्या वाहिन्यांत अडकतात. शिवाय रक्त परत वेगानं आलं की सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. म्हणून जगभरचे डॉक्टर विचारू लागले : गुठळी काढण्याच्या जोडीला एखादं औषध दिलं तर? या प्रश्नाचं उत्तर चाचणीतूनच मिळतं. ती उत्तरं काय आली, ते पाहा.

पटण्यासारखी औषधं चाचणीत पडतात

रक्त पातळ करणारं अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन. गुठळी काढतानाच ती शिरेतून दिली तर बारीक वाहिन्या मोकळ्या राहतील, हे कुणालाही पटेल. नेदरलँड्समध्ये एमआर क्लीन-मेड या चाचणीत ६२८ रुग्णांत हे तपासलं. मेंदूत धोकादायक रक्तस्राव होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं : १०० मागे ७ ऐवजी १३-१४. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

नेरिनेटाइड हे पेशींना वाचवणारं औषध प्राण्यांत उत्तम ठरलं होतं. २०२० मध्ये ११०५ रुग्णांच्या चाचणीत बरे होणारे औषधाच्या गटात १०० मागे ६१, औषधाविना ५९. म्हणजे नाव घेण्याजोगा फरक नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ज्यांना दिलं नव्हतं, त्यांच्यात फायदा दिसतोय असं वाटलं. म्हणून फक्त अशा ८५० रुग्णांत पुन्हा चाचणी केली. तिथंही फायदा टिकला नाही.

स्पेनमध्ये १२१ रुग्णांत गुठळी काढल्यावर त्याच धमनीत गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज सोडलं. २०२२ मध्ये निकाल आला : जवळजवळ पूर्ण बरे झालेले १०० मागे ५९, औषधाविना ४०. मग चीनमध्ये युरोकायनेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्याच कामाची औषधं प्रत्येकी पाचशेहून अधिक रुग्णांत वापरली. दोन्हींत खात्रीचा फायदा सिद्ध झाला नाही. चीनमधल्याच आणखी दोन चाचण्यांत मात्र फायदा दिसला. म्हणजे हा प्रश्न अजून खुला आहे. एका छोट्या चाचणीची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली म्हणून उपचार बदलायचे नसतात, ते यासाठीच.

काही औषधं पासही होतात. २०२५ मध्ये चीनमधल्या ५५० रुग्णांच्या चाचणीत, गुठळी काढण्याआधी शिरेतून टेनेक्टेप्लेज दिल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहणारे १०० मागे ४४ वरून ५३ वर गेले. टेनेक्टेप्लेज पुण्याची जेनोव्हा कंपनीही बनवते. पण त्या चाचणीतली मात्रा वजनाच्या दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम होती आणि जेनोव्हाच्या औषधाला आपल्याकडे पक्षाघातासाठी परवानगी मिळाली ती ०.२ मिलिग्रॅमला. मग आपल्या माणसांत, आपल्या औषधानं, आपल्या मात्रेनं गुठळी काढण्याच्या जोडीला किती फायदा होतो? हे आपल्याच रुग्णालयांतल्या चाचण्यांतून कळेल. त्यात आपली माणसं नसतील तर उत्तरही आपलं नसेल.

आणि ते 'ताकदीचं' इंजेक्शन?

सिटिकोलिनची परीक्षा झालेली आहे. २०१२ मध्ये स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीतल्या २२९८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवडे औषध देऊनही न देणाऱ्यांपेक्षा काही फायदा दिसला नाही. पिरॅसिटॅमची चाचणी तर १९९७ मध्येच झाली, ९२७ रुग्णांत. निकाल तोच. तरीही आपल्याकडे ही औषधं प्रसादासारखी वाटली जातात.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, "त्या चाचण्या गुठळी काढण्याच्या काळाआधीच्या. आता धमनी उघडते, आता उपयोग होईल." होऊ शकतो, मान्य. मग चाचणी करा! 'कदाचित होईल' याला संशोधनाचा प्रश्न म्हणतात. त्याचं बिल म्हशी विकून भरायचं नसतं.

दुसरं उत्तर मिळतं, "नुकसान तर नाही ना?" आहे. पैसा हे नुकसानच आहे. त्याच पैशात चार महिने फिजिओथेरपिस्ट घरी आला असता. बोलणं सुधारायला स्पीच थेरपी झाली असती. बीपीच्या गोळ्या वर्षभर आल्या असत्या. मी स्वतः तरुणपणी सिटिकोलिन लिहिलं आहे, कारण नातेवाइकांना 'काहीच नाही' म्हणवत नव्हतं. ती माझी चूक होती, हे इथं लिहून ठेवतो.

चाचणीला घाबरायचं की चाचणी नसलेल्या औषधाला?

तुमची भीती निराधार नाही. आपल्या देशात चाचण्यांच्या नावाखाली गरिबांची फसवणूक झाली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१३ मध्ये न्यायालयानं सरकारला फटकारलं आणि नियम कडक झाले. आता २०१९ च्या नियमांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी लागते, भारतीय नोंदवहीत म्हणजे सीटीआरआयमध्ये आधी नोंद लागते, तुमच्या भाषेत समजावून संमती घ्यावी लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई द्यावी लागते. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार तरीही चालूच राहतात.

चाचणीबाहेर लिहिलेल्या टॉनिकला यातलं काय लागू होतं? काहीच नाही.

कुणी चाचणीत येण्याबद्दल विचारलं तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. विचारा : सीटीआरआय क्रमांक काय? औषध न मिळणाऱ्या गटात माझा माणूस गेला तर त्याला नेहमीचे सगळे उपचार मिळणार ना? खर्च कोणाचा? इजा झाली तर जबाबदार कोण?

आणि चाचणीबाहेर 'मेंदूच्या ताकदीचं' औषध लिहिलं, तर नम्रपणे एकच प्रश्न : "डॉक्टर, हे औषध माणसांवरच्या मोठ्या चाचणीत पास झालंय का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

एक ताकीद. हा लेख वाचून अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉल किंवा बीपीची गोळी बंद करू नका. गुठळीचा झटका येऊन गेल्यावर पुढचा टाळण्यासाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण नवा झटका आला तर घरीच अ‍ॅस्पिरिन देऊ नका. तो रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

शेवटी, यातलं प्रत्येक औषध वेळेवर पोचलेल्या माणसासाठी आहे. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं बोबडं : यातलं एक जरी दिसलं तरी वाऱ्याचं औषध, मालिश, 'सकाळी बघू' हे सगळं बाजूला ठेवा आणि १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गुठळी सहा तासांच्या आत काढणं उत्तम, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत काढता येते. सोलापुरात रात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठं मिळतं, गुठळी काढायला कुठं न्यावं लागतं, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.