पाण्याची रेघ

दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते, पण ती दारातल्या दारात, उभ्या-उभ्या. दिवाळी अंकात मात्र ऐसपैस बसता येते. तेव्हा चिवड्याची बशी जवळ ओढा आणि माझ्याबरोबर घटकाभर डेन्मार्कला चला.

आमची मुलगी आणि जावई तिथल्या आर्हुस शहरी असतात. जूनमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी जावईबापूंनी बेत जाहीर केला, ‘‘बाबा, तुम्हाला रीबे दाखवतो. डेन्मार्कमधले सर्वांत जुने गाव. हमरस्त्याने दोन तासांत पोचू.’’

‘‘दोन तासांत पोचायला आपली काय तिथे कोर्टात तारीख आहे?’’ आमची ही म्हणाली. ‘‘मला आडरस्त्याने न्या.’’

जावयाने सासूचा शब्द झेलला, आणि मोटार मार्गारेटच्या रस्त्याला लागली. हा रस्ता म्हणजे एक सलग सडक नव्हे. देशभरातले निसर्गरम्य आडरस्ते एकमेकांना जोडून १९९१ साली तो आखला. लांबी चार हजार किलोमीटरच्या वर. तपकिरी पाटीवर पांढरे डेझीचे फूल काढलेले असते. त्या फुलामागून जायचे, एवढेच. त्या फुलाला तिकडे मार्गारेट म्हणतात, आणि तेव्हाच्या राणीसाहेबांचे नावही मार्गारेटे. त्यांनीच रस्त्याचे उद्घाटन केले होते. २०२४ साली त्या गादीवरून उतरल्या; फूल मात्र पाट्यांवर अजून आहे.

दोन्ही बाजूंना सातूची हिरवी शेते, मध्येच एखादे पांढरे चर्च, आणि शेताच्या कडेला स्ट्रॉबेरी व नव्या बटाट्यांची चिमुकली टपरी. टपरीत दुकानदार नाही. माल घ्यायचा, पैसे डब्यात टाकायचे. हिने दोनदा पैसे मोजून टाकले आणि तिसऱ्यांदा आजूबाजूला पाहिले. कोणीच बघत नाही म्हटल्यावर प्रामाणिकपणाचे सुद्धा जरा दडपण येते!

पश्चिमेकडे जमीन हळूहळू सपाट होत गेली. मग क्षितिजावर तांबड्या विटांचा एक चौकोनी बुरूज दिसू लागला. तो रीबेच्या कॅथीड्रलचा. १२८३ साली तिथला मनोरा कोसळला. त्यानंतर, १३३३ साली, हा उभा राहिला. त्याच्या २४८ पायऱ्या आमच्या नातीने पळत चढल्या. मी मध्येच थांबून इतिहासाचे चिंतन केले. वरून सगळे गाव तळहातावर घेतल्यासारखे दिसते: तांबडी कौले, वळणे घेत जाणारी नदी, आणि पलीकडे कुरणांच्या शेवटी समुद्राची पुसट पट्टी.

आठव्या शतकाच्या आरंभी इथे बाजार भरू लागला आणि त्यातून हे गाव झाले. मध्ययुगात ते भरभराटीचे बंदर होते. मग दैव फिरले. १५८० साली आग लागून दोनशेवर घरे जळाली. पुढे पूर, लढाया, मंदावलेला व्यापार. १८६४ च्या युद्धानंतर तर सरहद्द गावाच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर आली. १८६८ मध्ये जवळच एस्बियर्गला नवे बंदर बांधायचे ठरले आणि उरलासुरला धंदाही तिकडे वळला. लोकांपाशी जुनी घरे पाडून नवी बांधायला पैसाच राहिला नाही. म्हणून ती राहिली! लाकडी चौकटीत विटा बसवलेली, आजोबांसारखी एका अंगाला कललेली घरे, ठेंगणी दारे, भिंतींवर चढलेले गुलाब. दारिद्र्याने राखलेली ही दौलत बघायला आता जगभरचे प्रवासी येतात.

रात्री दहाला चौकातल्या जुन्या खानावळीपाशी गावचा रखवालदार आला. अंगात लांब डगला, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात काटेरी गदा. पूर्वी असे रखवालदार रात्रभर गस्त घालून आगीवर आणि पाण्यावर नजर ठेवीत. १९०२ साली ती नोकरी बंद झाली आणि १९३५ साली प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाली. जूनमधला तिकडचा सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे कंदील निव्वळ मानाचा! पण गल्लीच्या वळणावर थांबून त्याने जुनी हाळी गाऊन दिली तेव्हा आमच्या घोळक्यातली कुजबूज आपोआप थांबली.

त्याच्यामागून फिरत आम्ही नदीकाठच्या जुन्या धक्क्यावर आलो. तिथे एक खांब आहे. खांबावर खुणा आणि प्रत्येक खुणेशी साल: त्या-त्या साली समुद्राचे पाणी कुठवर चढले ते. सगळ्यांत वरची खूण १६३४ ची. (आपले शिवाजी महाराज तेव्हा चार वर्षांचे होते.) ऑक्टोबरातल्या त्या एका रात्री दर्या आत आला, या किनाऱ्यावर हजारो माणसे बुडाली, रीबेच्या कॅथीड्रलमध्ये सुद्धा पाणी शिरले. ती खूण बघायला मला मान पार मागे टाकावी लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी समुद्राच्या बाजूने लांबच लांब बांध घातला. ३ डिसेंबर १९९९ च्या वादळात त्याने टिकाव धरला. आता समुद्राची पातळीच वाढते आहे, म्हणून बांधाच्या उंचीची चिंता पुन्हा आली. पण उंची ठरवायची तर पूर्वी पाणी कुठवर आले होते ते ठाऊक हवे. खांब त्यासाठी.

नात आठ वर्षांची. तिने खांबाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘आजोबा, तुमच्या पुण्याच्या घरात पाणी आले होते ना? त्याची खूण कुठे आहे?’’

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी तिच्याच वयाचा होतो. आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडलो म्हणून वाचलो. परत आलो तेव्हा भिंतीवर चारी बाजूंनी मातकट रेघ उमटलेली होती. तिच्या खालचे सगळे चिखलात: बाबांची सतार, आईची लग्नातली पैठणी, माझी नवी पाटी.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबांनी भिंतींना चुना काढला. एका हाताने रेघ जाईना, म्हणून दुसरा दिला, तिसरा दिला. मी म्हणालो, ‘‘राहू द्या ना बाबा, मला शाळेतल्या मुलांना दाखवायचीय.’’ ते नेहमी ओरडत, पण त्या दिवशी हळू आवाजात म्हणाले, ‘‘अरे, तुझी आई पोळ्या करता-करता त्या रेघेकडे बघत बसते.’’

मग मी काही बोललो नाही. आजही वाटते, त्यांचे चुकले नाही. आईला ते घर पुन्हा आपले करून द्यायचे, तर रेघ जायलाच हवी होती.

पण त्या रात्री रीबेच्या धक्क्यावर मला नातीला उत्तर देता येईना. पाणी किती होते? माझ्या डोक्यावर, एवढे आठवते. पण आठ वर्षांच्या पोराचे डोके ते किती उंच! मुक्कामी परतल्यावर पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते याचे भान राहिले नाही. तो आधी घाबरला, मग चिडला, मग म्हणाला, ‘‘देवळीपर्यंत होते.’’ मी म्हटले, ‘‘छे, घड्याळापर्यंत!’’ अर्धा तास वाद झाला. आई-बाबा नाहीत. ते घरही पाडले, तिथे आता सहा मजली इमारत आहे. निकाल कोण देणार?

परत आल्यावर आम्ही दोघे भाऊ एका संध्याकाळी त्या इमारतीपाशी जाऊन आलो. पहारेकरी संशयाने बघू लागला तेव्हा निघालो. तो विशीचा होता. त्याला पानशेत म्हणजे फक्त सहलीची जागा ठाऊक.

यंदा भाऊबिजेला बहीण येणार आहे. ती आमच्यात थोरली, तेव्हा तेरा वर्षांची होती. फराळाच्या आधी तिला विचारणार आहे: देवळी की घड्याळ? ती सांगेल तो आकडा वहीत लिहून नातीला पाठवीन. तुमच्या घरीही या चार दिवसांत वडीलधारी मंडळी जमतील. त्यांनाही विचारून ठेवा.