वेगाची हौस आणि रस्त्याचा अधिकार

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. तथापि काही हौशी अशा असतात की त्यांचे मोल हौस करणाऱ्यापेक्षा इतरांनाच अधिक द्यावे लागते. प्रचंड शक्तीची स्पोर्ट्‌स कार विकत घेणे, तिच्यात मनाजोगते फेरफार करवून घेणे आणि ती सार्वजनिक रस्त्यावर चालविणे ही हौस याच वर्गात मोडते. एके काळी ती काही संस्थानिकांपुरती आणि मद्रासजवळ शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींपुरती मर्यादित होती. आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या गाड्या दिसणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही आणि त्यांहून कितीतरी अधिक संख्येने साध्या गाड्यांना 'स्पोर्ट्‌स' रूप देणारी गॅरेजे गल्लोगल्ली उभी राहिली आहेत.

यंत्रावरील प्रेम ही मुळात निंद्य गोष्ट नव्हे. उत्तम यंत्र हाताळण्यात जो आनंद आहे तो उत्तम वाद्य वाजविण्यातील आनंदाच्या जातीचा आहे आणि ज्या महाराष्ट्रात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारखी संस्था मोटारींची परीक्षा घेत आली आहे, त्याने तरी या प्रेमाकडे तुच्छतेने पाहू नये. प्रश्न हौस असावी की नसावी हा नाही. रस्त्यासाठी गाडी कशी निवडावी, तिच्यात कोणते फेरफार कोणत्या क्रमाने करावेत आणि त्यांवर शासनाचा अंकुश कसा असावा, हा खरा प्रश्न आहे. या तिन्ही बाबतीत आज जो गोंधळ दिसतो त्याची किंमत पादचारी, दुचाकीस्वार आणि एस.टी.ची वाट पाहत उभा असलेला प्रवासी मोजत आहे.

वेगाचे गणित

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण नोंदविले गेले. यांतील बहुसंख्य वाहने अर्थातच साधी होती. परंतु साधी गाडी जो अतिवेग धापा टाकीत गाठते, तोच शक्तिमान गाडी चालकाच्या नकळत चार-पाच सेकंदांत गाठते, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास अंदाजे ३५ मीटर लागतात. ताशी १०० किलोमीटरला सुमारे ७७ मीटर आणि ताशी १४० किलोमीटरला १३५ मीटर. पावसाने टायरची पकड निम्म्यावर आली, तर १०० च्या वेगालाही सव्वाशे मीटर अपुरे ठरतात. आपल्याकडे वर्षातील चार महिने पावसाचे असतात. उलट या धोक्याच्या बदल्यात पदरात काय पडते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटरचा आहे. तो ताशी १०० ऐवजी १४० च्या वेगाने, कोठेही न अडखळता कापता आला असे मानले, तरी वाचतात ती जेमतेम सोळा मिनिटे.

निवडीची कसोटी

स्पोर्ट्‌स कार निवडताना बहुतेकांचे लक्ष अश्वशक्ती आणि कमाल वेग या दोन आकड्यांवर खिळलेले असते. वस्तुतः रस्त्यावरील गाडीच्या बाबतीत हे दोन आकडे सर्वांत कमी उपयोगाचे होत. ताशी ३०० किलोमीटरची क्षमता असलेल्या गाडीचा निम्म्याहून अधिक वेग आपल्याकडील कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने वापरताच येत नाही. तिचा मालक एक तर आयुष्यभर ती दाबून चालवितो, नाही तर कायदा मोडतो.

खरी कसोटी वजन, तोल, जमिनीपासूनची उंची आणि देखभालीची सोय यांची आहे. लोटस मोटारींचे जनक कॉलिन चॅपमन यांनी शक्ती वाढविण्याआधी वजन घटविण्याचा मार्ग धरला. १९८९ मध्ये आलेल्या जपानी माझदा एमएक्स-५ या एक टनाच्या आसपास वजन असलेल्या दोन आसनी गाडीने बेताच्या शक्तीवर जगभर चाहते मिळविले. हलकी गाडी लवकर थांबते, टायर कमी झिजविते आणि साठ-सत्तरच्या वेगातही वळणाचा आनंद देते. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघालेली 'सॅन स्टॉर्म' ही फायबरग्लासच्या अंगाची छोटी गाडी याच विचाराची होती. तो प्रयत्न वाढला नाही. विचार मात्र चुकीचा नव्हता.

उंचीची कसोटी तर आपल्या रस्त्यांनीच ठरविली आहे. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात सोसायटीच्या दाराशी आणि गावाच्या वेशीशी जे उंचवटे असतात त्यांनी मानकाचे तोंडही पाहिलेले नसते. अकरा-बारा सेंटिमीटर उंचीची लांबट गाडी तेथे पोट घासल्याखेरीज जात नाही आणि हीच गाडी स्प्रिंगा कापून आणखी खाली आणण्याचा सोस अनेकांना असतो. ज्या रस्त्याने रोज जावयाचे त्या रस्त्यावरून एकदा गाडी फिरवून पाहिल्यावाचून ती विकत घेणारा मनुष्य छायाचित्रावरून सोयरीक जुळविणाऱ्यासारखा होय.

कारखान्याने घालून दिलेला धडा

फेरफारांचा क्रम कसा असावा याचा धडा जर्मनीच्या पोर्शे कारखान्याने अर्ध्या शतकापूर्वीच घालून दिला आहे. या कारखान्याच्या ९११ या गाडीचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. त्यामुळे वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला, की वजन पुढे सरकते, मागच्या चाकांची पकड सुटते आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. १९७५ मध्ये याच गाडीला टर्बोचार्जर जोडून २६० अश्वशक्तीचे रूप बाजारात आले. त्यातील शक्ती क्षणभर उशिराने आणि मग एकदम उसळून येई. अननुभवी चालकांना ही गाडी भारी पडली आणि तसा तिचा लौकिकही झाला. पुढे १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे करून शक्ती ३०० अश्वशक्तींवर नेण्यात आली, तेव्हा कारखान्याने आपल्या ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले भक्कम ब्रेक त्याच वेळी तिला बसविले.

ज्यांनी गाडी घडविली त्यांनाही चाळीस अश्वशक्तींची भर घालताना ब्रेक बदलणे आवश्यक वाटले. आज मात्र गॅरेजमध्ये संगणक जोडून इंजिनाच्या नियंत्रणाची आज्ञावली तासाभरात बदलली जाते, पन्नास-शंभर अश्वशक्ती वाढविल्या जातात आणि ब्रेक, टायर, क्लच, शीतकरण हे सारे होते तसेच राहते. वाढीव दाबाला पुरेशा ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले नाही, तर इंजिनात अवेळी स्फोट होऊन पिस्टन निकामी होतो, ही मालकाची हानी झाली. ब्रेक पुरे पडले नाहीत तर जी हानी होते ती दुसऱ्याची असते.

योग्य क्रम याच्या नेमका उलटा आहे. सर्वांत आधी टायर. कारण तळहाताएवढ्या चार ठिकाणीच गाडी रस्त्याला टेकलेली असते. त्यांचा वेग-दर्जा आणि भार-दर्जा गाडीला साजेसा असावा आणि अंगावरील चार अंकांतून कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात ते तयार झाले हे वाचून घ्यावे. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते. त्यानंतर ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ४' दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. कोकणातल्या पावसाळ्यानंतर तेच ऑइल ठेवून घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबले, की ते उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल पायाखाली रिकामे खाली जाते. काही शे रुपयांचे ऑइल वेळेवर बदलणे हा लाखो रुपयांच्या फेरफारांहून मोठा फेरफार आहे. मग शॉकॲब्सॉर्बर, मग शीतकरण, आणि या सर्वांनंतर, अजूनही हौस उरली असेल तर, शक्ती.

सायलेन्सर काढून टाकणे हा या क्रमात कोठेच बसत नाही. त्याने गाडी जलद होत नाही. केवळ शेजारच्या रुग्णालयातील रोगी आणि घराघरांतील म्हातारी माणसे जागी होतात.

कायद्याची एकच फूटपट्टी

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडणाऱ्यास १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस अधूनमधून जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडून दाखवितात आणि छायाचित्रे छापून येतात.

कायद्याचा हेतू योग्यच आहे. त्याची अंमलबजावणी मात्र डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढ्यापुरतीच होते. संगणकाने वाढविलेली शक्ती दिसत नाही, झिजलेला ब्रेक ऐकू येत नाही. तेव्हा ते सुटतात. शिवाय अधिक सक्षम ब्रेक बसवू पाहणारा जबाबदार हौशी आणि सायलेन्सर उपटणारा उडाणटप्पू या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजले, तर पहिला निरुत्साही होतो आणि दुसरा निर्ढावतो.

ज्या जर्मनीत महामार्गाच्या काही भागांवर वेगमर्यादाच नाही, तेथे मोठे फेरफार अधिकृत तपासनीसाकडून तपासून कागदपत्रांवर नोंदवून घ्यावे लागतात. अन्यथा गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगीच रद्द ठरते. नवी गाडी तेथे तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते. जपानातही खाजगी मोटारींचा क्रम असाच आहे. आपल्याकडे खाजगी मोटारीला पंधरा वर्षांची नोंदणी एकदा मिळाली की धुराच्या दाखल्यापलीकडे तिचे ब्रेक, टायर, स्टिअरिंग कोणी पाहत नाही. वेगाचे स्वातंत्र्य जेथे अधिक, तेथे तपासणी अधिक कडक, हा साधा न्याय आपण उलटा केला आहे.

चालकाचा फेरफार

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेने दुचाकीवरील दोघे तरुण अभियंते, एक युवक आणि एक युवती, प्राणांस मुकले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता असे पोलिसांचे म्हणणे होते. गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती. आणि प्रथम जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेल्याने सारा महाराष्ट्र संतापला. दोषादोषाचा निवाडा न्यायालयाचा. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेले उत्तमोत्तम ब्रेक आणि टायर असूनही दोन घरांचे दिवे विझले, ही गोष्ट विसरता येत नाही. सर्वांत महत्त्वाचा फेरफार गाडीत करावयाचा नसून चाकामागे बसणाऱ्यात करावयाचा असतो.

आज आठशे सी.सी.ची जुनी मोटार आणि पाचशे अश्वशक्तीची गाडी या दोन्हींना एकच परवाना पुरतो. युरोपात मोटारसायकलींसाठी शक्तीनुसार पायरीपायरीने परवाने दिले जातात. तीच पद्धत शक्तिमान मोटारींना लावण्यास प्रत्यवाय काय? वेगाची भूक भागविण्याची योग्य जागा म्हणजे बंदिस्त धावपट्टी. इरुंगट्टुकोट्टाई, कोइमतूर आणि ग्रेटर नोएडा येथील परिचित धावपट्ट्या महाराष्ट्रातून शेकडो किलोमीटर दूर आहेत. मोटार उद्योगाचे माहेरघर म्हणवून घेणाऱ्या राज्याने चाकण-पुण्याच्या परिसरात सर्वांना माफक शुल्कात खुली राहील अशी धावपट्टी आणि तिला जोडून प्रशिक्षणाची सोय उभारणे अगत्याचे आहे.

शासनाने तीन गोष्टी कराव्यात. सुरक्षितता वाढविणाऱ्या फेरफारांना तपासणी करून नोंद देण्याचा सुलभ मार्ग खुला करावा; ठरावीक शक्तीवरील गाड्यांना दर दोन वर्षांनी यांत्रिक तपासणी आणि चालकाला वेगळ्या प्रशिक्षणाचा दाखला सक्तीचा करावा; आणि अल्पवयीनाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकावर कायद्यात असलेल्या शिक्षेची अंमलबजावणी हयगय न करता करावी. हौशी मंडळींनीही आपल्या गटात वाढीव अश्वशक्तीची प्रौढी मिरविण्याऐवजी गाडी किती मीटरांत थांबते याची चढाओढ लावावी. रस्ता हा गाडीच्या किमतीनुसार कमी-अधिक वाटून दिलेला नाही. बैलगाडीवाल्याचा, शाळेला निघालेल्या मुलीचा आणि स्पोर्ट्‌स कारच्या मालकाचा त्यावरील अधिकार सारखाच आहे. हे तत्त्व मान्य करून जी हौस केली जाईल, तिला समाजाने हरकत घेण्याचे कारण राहणार नाही.