ट्रेलरच्या डाव्या बाजूला थांबू नका

करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा. या रस्त्याने तुम्ही रोज दुचाकीवरून जात असाल, तर दोन मिनिटं काढून हे वाचा. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून कंटेनरचे ट्रेलर आपल्या गावांच्या दारावरून जातात. ते काही थांबणार नाहीत. अटल सेतूवर दुचाकीला बंदी, म्हणजे आपल्याला खालचेच रस्ते. जपायचं आपणच.

अपघात झाला की ड्रायव्हर म्हणतो, "दिसलाच नाही हो." लोक चिडतात. खोटं बोलतोय म्हणतात. पण पुष्कळदा ते खरं असतं. डोळे तिकडे असतात, लक्ष भलतीकडे असतं.

१९९९ साली अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक फिल्म दाखवली. पांढऱ्या शर्टवाले एकमेकांकडे चेंडू किती वेळा टाकतात ते मोजा म्हणाले. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं माणूस आलं, छाती बडवून निघून गेलं. जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही! सगळे मोजण्यात गुंतले होते.

ट्रेलरवालाही गुंतलेलाच असतो. पुढचा खड्डा, गेटची रांग, कानाशी मालकाचा फोन. तेव्हा "त्याने मला पाहिलं असेल" हे मनातून काढून टाका.

सगळ्यात घातकी जागा म्हणजे त्याची डावी बाजू. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसतो. केबिनला खेटून डावीकडे उभी असलेली स्कूटी त्याला दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही असं धरून चाला.

फाट्यावर नीट बघा. डावीकडे वळायचं असलं, तरी ट्रेलर आधी थोडा उजवीकडे जातो. डावीकडे छान मोकळी जागा पडते. आपल्याला वाटतं, चला, निघून जाऊ. पण वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती आतून, कडेला चाटून येतात. चाळीस फुटी कंटेनर असला की ती जागा बघता बघता मिटते. त्या फटीत शिरू नका. मागे थांबा. मागचा हॉर्न वाजवतोय? वाजवू दे.

रस्त्यावर येताना मान भरकन फिरवू नका. डोळे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात, तेवढ्यात मधलं नीट दिसत नाही आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उजवीकडे बघा, क्षणभर थांबा. मधे बघा, थांबा. डावीकडे बघा. मग पुन्हा उजवीकडे.

पायी रस्ता ओलांडताना आणखी एक. मोठं वाहन लांबून हळू येतंय असं वाटतं. ते हळू नसतं. ते जाऊ द्या, मग चला.

रात्री कडेला उभे केलेले ट्रेलर हा वेगळाच ताप. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. समोरून हेडलाइट आला की नजर तिकडेच ओढली जाते आणि कडेचा काळा ट्रेलर लक्षात येत नाही. अशा वेळी दिव्याकडे पाहू नका, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा. तुमचा उजेड जिथवर पोचतो, तेवढ्यात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवा.

मोबाइलचं सांगायला नको, पण सांगतोच. पन्नासच्या वेगात दोन सेकंद खाली बघितलं तर गाडी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पुढे गेलेली असते. दोन मोठे कंटेनर एकापुढे एक ठेवले तरी हे अंतर उरतं. कानात इयरफोन घातला की सुटलो, असंही नाही. डोळे समोर राहतात, मन त्या बोलण्यात जातं.

रात्रपाळी करून पेंगत असाल, तर जमेल तेव्हा गाडी घरी ठेवा. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत येते.

आणि घरच्यांनो, तो गाडीवर आहे हे ठाऊक असताना "कुठे पोचलास?" म्हणून फोन करू नका. पोचल्यावर त्यालाच करू दे.