तयार चौकटींच्या कैवाऱ्यांस

आपल्या सॉफ्टवेअर-कचेऱ्यांतून अलीकडे असे एक मत रूढ झाले आहे की, अजाइल पद्धतीने काम करू इच्छिणाऱ्या टीमने तत्त्वचर्चेत कालव्यय न करता स्क्रम, सेफ किंवा स्पॉटिफायची रीत यांपैकी एखादी सिद्ध चौकट जशीच्या तशी अमलात आणावी, म्हणजे तत्त्वे मागाहून आपोआप अंगी मुरतील. नवख्या माणसाला आरंभी काहीतरी ठरीव रीत लागते, हे या मताच्या कैवाऱ्यांचे म्हणणे अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु रीतीतून तत्त्व आपोआप उगवते, हा जो त्यांच्या प्रतिपादनाचा पाया, तोच मुळात कच्चा आहे.

दाखला ‘वॉटरफॉल’चाच घ्यावा. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एकाखाली एक टप्पे दाखविणारी आकृती काढली आणि ती तशीच राबविणे धोक्याचे आहे, असे त्याच निबंधात बजावले. पुढच्यांनी आकृती तेवढी उचलली, इशारा पानातच राहिला. २००१ च्या फेब्रुवारीत युटातील स्नोबर्ड येथे जे सतरा जण जमले, त्यांत स्क्रमचे जनक होते, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे प्रवर्तक होते. तरीही त्यांनी जाहीर केलेल्या अजाइलच्या चार मूल्यांत व बारा तत्त्वांत एकाही चौकटीचे नाव नाही. २०१२ मध्ये क्निबर्ग आणि इवार्सन यांनी स्पॉटिफायमधील स्क्वॉड व ट्राइब यांची रचना वर्णिली, तीही ‘हे आमचे आजचे चित्र’ अशा पुस्तीसह; अन्यत्र मात्र खात्यांच्या पाट्या बदलल्या, अंमलदार तेच राहिले.

रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीचे काय झाले, ते पाहा. टीमने आपला त्या दिवसाचा बेत आपणच जुळवावा, एवढाच तिचा हेतू. प्रत्यक्षात मॅनेजरकडे तोंड करून एकेकाने काल काय केले, आज काय करणार, अडचण काय, याचा जबाब द्यायचा, आणि पेमेंटच्या टेस्टिंगमध्ये दोन दिवस अडकलेल्या मुलीने ‘नो ब्लॉकर्स’ म्हणून मोकळे व्हायचे, कारण अडचण उच्चारली की ती अप्रेझलमध्ये तिच्याच नावे खर्ची पडते. ते तीन ठरावीक प्रश्न स्क्रमच्या मार्गदर्शिकेतून २०२० मध्ये वगळले गेले; आमच्याकडे ते शाबूत आहेत!

याउलट, चालते सॉफ्टवेअर थोडेथोडे करून वापरणाऱ्याच्या हाती लवकर द्यावे आणि तो काय म्हणतो ते पाहून पुढची वाट बदलावी, हे ज्या टीमला उमगले, तिला स्प्रिंट ठेवावा की मोडावा, हे कोणाला विचारावे लागत नाही. ज्या सपोर्ट टीमकडे वेळी-अवेळी तिकिटे येतात, तिने दोन आठवड्यांचा बेत आखण्याचे नाटक सोडून, एका वेळी हाती किती कामे असावीत, एवढीच मर्यादा फळ्यावर घालून घेतली, तर ती अजाइलपासून ढळली असे कोण म्हणेल?

प्रत्येक टीमची रीत निराळी झाली तर वरिष्ठांकडे जाणारे तक्ते जुळणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप. परंतु स्टोरी पॉइंट हे ज्या त्या टीमने आपल्यापुरते ठरविलेले माप असल्यामुळे, दोन टीमच्या आकड्यांची बेरीज करून वर धाडलेला तक्ता आजही निरर्थकच असतो. तो जुळला काय आणि न जुळला काय, बिघडते ते दफ्तरदाराचे.