स्टोअरकीपरची खुर्ची काढलीत, पण किल्ल्या कोणाकडे दिल्या?

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, एअरपोर्टला काय सप्लाय करता येईल?" उलवे, कामोठे, खारघर, पनवेल, सगळीकडून. मी उलट विचारतो, तुमच्या गाळ्यात आत्ता कुठली वस्तू किती आहे ते कोणाला फोन न लावता सांगा. पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "ते पोरगा बघतो."

आज या 'पोरगा बघतो' वर थोडं बोलायचंय. आणि त्यासाठी मी तुम्हाला एका बंद झालेल्या नोकरीची गोष्ट सांगणार आहे. अमेरिकेच्या नौदलातली आहे, पण वाचा, कामाची आहे.

दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजं वाढली तशी एक अडचण वाढली. जहाजाचा नेहमीचा भांडारी रंग, दोर, साबण, कपडे सांभाळायचा. पण विमानाचे सुटे भाग हे वेगळंच प्रकरण. दिसायला सारखे, आतून वेगळे, आणि चुकीचा दिलात तर माणूस जीवानिशी जातो. म्हणून फक्त विमानाच्या सामानाचा भांडारी वेगळा केला. १९४८ पासून त्या कामाला 'एव्हिएशन स्टोअरकीपर' हे स्वतंत्र नाव मिळालं. अधिकाऱ्याचं पद नव्हे हं, साध्या नौसैनिकाचं काम. बाहीवरची खूण काय, तर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन किल्ल्या आणि त्यांना पंख. मला ती खूण फार आवडते.

हा माणूस करायचा काय? मेकॅनिक काउंटरवर येणार, भागाचा नंबर सांगणार. असेल तर काढून द्यायचा, नसेल तर मागणी पाठवायची. वाट बघत जमिनीवर अडकलेल्या विमानाची मागणी सगळ्यात वर. नागरी विमान कंपन्यांत यालाच 'एओजी' म्हणतात, एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड. एअरपोर्टच्या धंद्यात शिरायचं असेल तर हा शब्द पाठ करून ठेवा.

महागड्या, दुरुस्त होणाऱ्या भागांना आणखी एक नियम. जुना बिघडलेला भाग जमा करा, नवा घ्या. आपल्या गॅस सिलिंडरसारखं, रिकामा दिल्याशिवाय भरलेला नाही. कारण तो बिघडलेला भाग म्हणजे कचरा नव्हे, तो दुरुस्त होऊन परत रॅकवर येणारा माल आहे. एसी दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यांनो, तुमच्या टेक्निशियनने नवा पीसीबी नेला, जुना कुठे गेला? मी आजवर ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांना उत्तर देता आलं.

आणि याच्या बरोबर उलटी गोष्ट. स्वस्त स्क्रू, वॉशर, नट यांच्यासाठी चिठ्ठी लागायची नाही. मेकॅनिकच्या हाताशी उघडे डबे ठेवलेले, लागेल तसं घ्या. हिशेबात तो माल आधीच खर्ची टाकलेला. दोन रुपयांच्या वॉशरसाठी माणसाची पाच मिनिटं घालवायची नाहीत हे तिथे कळलेलं होतं. आपल्याकडे वॉशर मोजतात आणि मोटर मोजत नाहीत!

मग १ जानेवारी २००३ ला हे पद साध्या स्टोअरकीपरमध्ये मिळवून टाकलं. १ ऑक्टोबर २००९ ला स्टोअरकीपर आणि टपाल सांभाळणारा नौसैनिक यांना एकत्र करून 'लॉजिस्टिक्स स्पेशालिस्ट' केलं. तीन कामं, एक नाव. आपल्या नौदलातही जुना 'स्टोअर्स असिस्टंट' आता लॉजिस्टिशियन झालाय.

इथे बरेच जण म्हणतील, "बघा सर, अमेरिकन नेव्हीनेसुद्धा माणसं एकत्र केली, मी केलं तर काय चुकलं?" इथेच माझं मत वेगळं आहे. त्यांनी पदं एकत्र केली तोवर वस्तूंची नावं कधीच एकसारखी झालेली होती. १९७४ पासून तिथल्या सरकारी भांडारातल्या प्रत्येक वस्तूला तेरा आकडी नंबर आहे. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात, ५३०५ म्हणजे स्क्रू, ५३१० म्हणजे नट आणि वॉशर. माणूस बदलला तरी नंबर बदलत नाही. आपण काय करतो? पद्धत माणसाच्या डोक्यात असते आणि आपण आधी माणूसच काढतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, मी केलंय. तुर्भे एमआयडीसीत माझा पंपाच्या सुट्या भागांचा गाळा होता. स्टोअरला एक काका होते. पगार तेव्हा महिना नऊ हजार. टॅली घेतलं, एक हुशार पोरगा बिलिंगला बसवला, आणि काकांना म्हटलं, आता गरज नाही. चार महिन्यांत तळोज्याच्या एका गिऱ्हाइकाचा शटडाऊन आला. ४५-६२-८ चे ऑइल सील हवे होते, संध्याकाळच्या आत. टॅली म्हणालं, शून्य. मी स्वतः नागदेवी स्ट्रीटला धावलो, चढ्या भावाने आणले, वर टेम्पो. दिवाळीत गाळा साफ करताना तेच सील अकरा नग सापडले. पोराने तीन वेगळ्या नावांनी नोंदवले होते. एकदा 'ऑइल सील', एकदा 'टीसी सील', एकदा नुसतं कंपनीचं नाव. चूक पोराची नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की वस्तूला एकच नाव असतं. सांगायला हवं होतं मी.

आता गोव्याचं उदाहरण घ्या, कारण डेड स्टॉकवर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे. तिथे १६ डिसेंबर १९८३ ला ब्रिटिश बनावटीची पहिली सी हॅरियर विमानं उतरली. २००६ मध्ये खुद्द ब्रिटिशांनी त्यांची सी हॅरियर निवृत्त केली. म्हणजे ज्याच्याकडून माल घेतला त्यानेच तो वापरणं थांबवलं. आपण पुढे आणखी दहा वर्षं ती उडवली. ११ मे २०१६ ला हॅरियर निवृत्त झाली आणि तीच स्क्वाड्रन, क्रमांक ३००, रशियन मिग-२९के वर गेली. आता भांडाऱ्याच्या जागी उभे राहा. कालपर्यंत सोन्याच्या मोलाचा असलेला हॅरियरचा भाग आज मिगला कुठेच बसत नाही.

तुमच्या दुकानात हे रोज होतं, फक्त छोट्या प्रमाणात. जुन्या मॉडेलचे मोबाइल डिस्प्ले, बंद झालेल्या मिक्सरची भांडी. तुम्ही त्याला 'माल आहे' म्हणता. बँक पण कॅश क्रेडिट देताना स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो बघते, आणि तुम्ही स्वतःलाच फसवता. कंपनीने मॉडेल बंद केल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात तो कप्पा उघडा, शेवटची खरेदी किती करायची आणि उरलेलं किती भावात काढायचं ते ठरवा.

माणूस ठेवायला परवडत नाही हे मला मान्य आहे. दोन लाखांची उलाढाल असताना स्टोअरकीपर ठेवा असं मी सांगणार नाही. स्वतः करा, बायको, भाऊ, कोणीही करा, पण ते काम कोणाच्या नावावर आहे ते लिहून ठेवा. आणि माणूस काढायचाच असेल तर आधी एक महिना त्याच्याबरोबर रॅकपाशी उभे राहा, प्रत्येक वस्तूचं एकच नाव ठरवा, कप्प्याला नंबर द्या, बिन कार्ड लटकवा. बिन कार्ड कसं भरायचं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.

दिवाळीनंतर मी काकांना फोन केला होता, परत येता का विचारायला. ते नाही म्हणाले, नातवाला शाळेत सोडायचं असतं. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "खालच्या कप्प्यातल्या निळ्या डब्याचं काय केलंत साहेब?"

मला निळा डबा आहे हेच माहीत नव्हतं.