आशेचीही कसोटी हवी

जठर वा आतड्याच्या भिंतीत उद्भवणारी ‘जिस्ट’ ही गाठ शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेली की वैद्यकशास्त्राने हात टेकावेत, अशी स्थिती २००० सालापर्यंत होती. ‘किट’ या जनुकातील बिघाड तिच्या मुळाशी असल्याचे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. मार्च २००० मध्ये फिनलंडमधील एका रुग्णेस इमॅटिनिबची गोळी देण्यात आली आणि तिच्या गाठी आक्रसू लागल्या. तथापि एका रुग्णाला लाभलेला दिलासा म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. पुढे १४७ रुग्णांवर चाचणी होऊन निम्म्याहून अधिकांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या, तेव्हा कोठे ही गोळी मान्यता पावली.

परंतु बहुतेकांच्या बाबतीत कालांतराने जनुक पुन्हा रूप पालटते, औषध निष्प्रभ होते आणि नव्या औषधाची चाचणी घ्यावी लागते. खरा पेच येथे आहे. तुलनेसाठी काही रुग्णांना औषधविरहित गोळी दिली जाते. मृत्यू उंबरठ्याशी आला असता माणसाच्या हाती पोकळ गोळी ठेवणे, हा निर्दयपणा नव्हे काय?

हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पण चाचणीच टाळणे हा त्यावरील उपाय नव्हे. न पारखलेले औषध रुग्णाचे उरलेले दिवसही यातनामय करू शकते. सुनिटिनिबच्या चाचणीत ३१२ रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांशांना खरे औषध मिळाले. रोग सरासरी २७ आठवडे रोखला जातो, पोकळ गोळीने अवघे सहा, हे मध्यंतरीच्या तपासणीत दिसताच गुप्तता उठवून इतरांनाही औषध देण्यात आले. २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या रिप्रेटिनिबच्या चाचणीतही रोग बळावताच खरे औषध देण्याची सोय होती. विज्ञान आणि माणुसकी यांची सांगड घालता येते, ती अशी.

भारतात २०१९ च्या नियमांनी रुग्णाची संमती, नुकसानभरपाई आणि काही अटींवर चाचणीनंतरही विनामूल्य औषध यांची तरतूद केली आहे. ती स्वागतार्ह आहे. मात्र परवानगी देणाऱ्या नीतिसमित्यांनी प्रत्येक वेळी विचारले पाहिजे : रोग बळावल्यास या माणसाला खरे औषध केव्हा मिळणार? त्याचे उत्तर रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहिलेले नसेल, तर कागदावरील अंगठ्याला संमती म्हणता येणार नाही. ज्याच्यापाशी वेळच उरलेला नाही, त्याचा वेळ उसना घेणाऱ्याने परतफेडीचे वचन आधी द्यावे.